एप्रिलमध्ये भट्टी ट्रिप होते म्हणून कूलिंग टॉवर बदलायचा का?

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मेंटेनन्स बघणाऱ्या तरुणाने विचारलंय: ‘आमच्याकडे 500 किलोची इंडक्शन भट्टी आहे. तिच्यासाठी गोल, एफआरपीचा (फायबरचा) कूलिंग टॉवर सहा वर्षांपूर्वी बसवला. गेली दोन वर्षं मार्च संपत आला की दुपारी पाणी तापतं आणि पॅनेल ट्रिप होतं. टॉवर विकणारे म्हणतात, हा लहान पडतोय, मोठा घ्या. मालक विचारतायत, खरंच घ्यायचा का? पाणी बोअरचं आहे. मी काय काय तपासू?’

भाऊ, पहिली चार वर्षं जो टॉवर पुरला तो पाचव्या वर्षी लहान झाला कसा? भट्टी तीच आहे, दिवसाच्या हीटही (लोखंड वितळवायच्या फेऱ्या) तेवढ्याच असतील, तर टॉवरमध्ये किंवा त्याच्या पाण्यात काहीतरी बिघडलंय. ते सापडल्याशिवाय नवा टॉवर घेतला, तर दोन-तीन वर्षांत तोही याच अवस्थेत येईल. मी गेली 27 वर्षं शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागलच्या पंचतारांकित वसाहतीत टॉवर उघडून बघतोय. ‘लहान पडतोय’ म्हणून मला बोलावलं आणि टॉवर खरोखर लहान निघाला, असं फार कमी वेळा झालंय.

सुरुवात मोजण्यापासून करा. तीन तापमानं लागतील: टॉवरवर चढणारं गरम पाणी, खाली टाकीत पडणारं गार पाणी आणि हवेचं वेट बल्ब. पहिली दोन बहुतेक सगळे मोजतात, तिसरं कुणी मोजत नाही. खरा निकाल मात्र तिसऱ्यावरच लागतो.

वेट बल्ब म्हणजे माठाचं गणित. माठातलं पाणी पाझरतं, त्याची वाफ होते आणि त्या वाफेपायी आतलं पाणी गार होतं. हवा कोरडी असेल तर माठ चांगला गार करतो, पावसाळ्यात करत नाही. कूलिंग टॉवर हा पंखा लावलेला मोठा माठच आहे. कितीही मोठा, कितीही महाग टॉवर आणलात तरी त्या वेळच्या वेट बल्बच्या खाली तो पाणी गार करू शकत नाही. मोजायला साधा थर्मामीटर घ्या, त्याच्या टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळा, ती स्वच्छ पाण्यात भिजवा आणि सावलीत, टॉवरपासून थोडं लांब, वारा येतो त्या बाजूला उभं राहून एक-दोन मिनिटं हवेत हलवत राहा. आकडा उतरून जिथे स्थिरावेल ते वेट बल्ब. टॉवरच्या अगदी जवळ मोजलंत तर त्याचीच दमट हवा तुम्हाला फसवेल.

आता दोन वजाबाक्या करा. गरम पाणी वजा गार पाणी याला रेंज म्हणतात. गार पाणी वजा वेट बल्ब याला अ‍ॅप्रोच. भट्टी पूर्ण लोडवर असताना दुपारी दोन-अडीचला हे आकडे घ्या, अर्ध्या लोडवर घेतलेल्या आकड्यांना अर्थ नाही. समजा गरम 41, गार 36 आणि वेट बल्ब 23 आलं, तर रेंज 5 आणि अ‍ॅप्रोच 13. चांगला टॉवर 3 ते 5 अंशांच्या अ‍ॅप्रोचवर चालतो, तेव्हा 13 आला तर टॉवर नक्की आजारी आहे. पण गार पाणी 27-28 येत असेल आणि तरीही पॅनेल ट्रिप होत असेल, तर टॉवर आपलं काम चोख करतोय आणि दुखणं पुढे प्लेट हीट एक्स्चेंजरमध्ये आहे, म्हणजे टॉवरचं पाणी जिथे पॅनेलचं पाणी गार करतं तिथे. रेंज एकदम 9-10 वर गेली असेल तर पाणीच कमी फिरतंय. मग पंपाचा इम्पेलर, गाळणी आणि अर्धवट बंद राहिलेला व्हॉल्व्ह बघायचा. नवा टॉवर घेण्याआधी यातलं दुखणं कुठलं, एवढं तरी ठरवायलाच हवं.

तुम्ही उन्हाळ्याला दोष देताय, सगळेच देतात. हिशोब करून बघा. एप्रिलच्या दुपारी 38 अंश तापमान आणि हवेत 25 टक्के आर्द्रता असेल तर वेट बल्ब साधारण 23 येतं. जुलैत 26 अंश आणि 90 टक्के आर्द्रता असताना ते साडेचोवीसच्या वर जातं. म्हणजे टॉवरला जुलै जास्त अवघड. आपल्या अंगाला ऊन लागतं म्हणून वाटतं की टॉवरलाही लागत असेल. मग तुमची भट्टी जुलैत चालते आणि एप्रिलमध्ये ट्रिप का होते? माझा पहिला संशय पाण्यावर आहे.

कोरड्या हवेत वाफ जास्त होते, आणि वाफ होते ती शुद्ध पाण्याची. क्षार मागेच राहतात. अंदाजासाठी धरा की तुमच्याकडे तासाला 20 हजार लिटर पाणी फिरतं आणि रेंज 5 अंश आहे. त्यातलं तासाला साधारण 150 लिटर उडून जातं. भट्टी 16 तास चालली तर दिवसाला 2,400 लिटर. बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे लिटरमागे विरघळलेले क्षार, 700 मिलिग्रॅम धरला, तर रोज जवळजवळ पावणेदोन किलो क्षार टॉवरमध्ये मागे राहतात. 25 दिवसांच्या महिन्यात 40 किलोंच्या वर! ते बाहेर काढायचा एकच रस्ता आहे, ब्लोडाऊन, म्हणजे टाकीतलं खारट पाणी थोडं थोडं सोडून देणं. आणि उन्हाळ्यात बोअर आटायला लागली, टँकर मागवायची वेळ आली की ‘पाणी वाया जातंय’ म्हणून पहिल्यांदा बंद होतो तो ब्लोडाऊनचाच व्हॉल्व्ह. आपला भाग काळ्या दगडाचा, बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. पावसाळ्यात बोअरला नवं पाणी मिळतं, क्षार थोडे हलके होतात, वाफ कमी होते आणि तुमची भट्टी बरी चालते. फिलवर, म्हणजे टॉवरच्या आत पाणी ज्यावर पसरतं त्या ब्लॉकवर, बसलेला थर मात्र तसाच राहतो, त्यावर पुढच्या उन्हाळ्यात आणखी एक चढतो.

ब्लोडाऊन किती ठेवायचा याचं सूत्र सोपं आहे. टॉवरच्या पाण्यातले क्षार भरणीच्या (तुमच्याकडे बोअरच्या) पाण्याच्या किती पट झालेत, त्याला सीओसी म्हणतात. तासाला जेवढी वाफ होते, तिला सीओसीतून 1 वजा करून भागायचं. 150 लिटर वाफ आणि 4 पट ठेवायचं असेल तर 150 भागिले 3, म्हणजे तासाला 50 लिटर, 16 तासांचे 800 लिटर. एवढं पाणी सोडवत नसेल तर सॉफ्टनर लावा, पण व्हॉल्व्ह बंद करू नका. सोडलेलं पाणी फरशा धुवायला वापरता येतं. मोल्डिंगच्या वाळूत मात्र घालू नका, क्षार वाळूत जमतात.

इथे एक गोष्ट सांगतो, ती फारसं कुणी करत नाही. टीडीएस मीटरवर सीओसी 4 दिसली म्हणून निर्धास्त राहू नका. बोअरच्या आणि टॉवरच्या पाण्याचा एकेक नमुना घेऊन दोन्हींत क्लोराइड आणि हार्डनेस (कॅल्शियम-मॅग्नेशियम) तपासून घ्या. क्लोराइड सहसा कुठे बसत नाही, ते पाण्यातच राहतं. (शेवाळ मारायला हायपो, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, घालत असाल तर त्यातूनही थोडं येतं, तेवढं लक्षात ठेवा.) हार्डनेस मात्र थर होऊन बसतो. क्लोराइड 6 पट झालंय आणि हार्डनेस तीनच पट, तर मधला कॅल्शियम गेला कुठे? तो तुमच्या फिलवर आणि प्लेटांवर बसलाय. टॉवर न उघडता आतली परिस्थिती सांगणारी याहून चांगली तपासणी मला माहीत नाही.

आता टॉवरकडे जा. आधी लांबून बघा. वरून हवा एकसारखी आणि जोरात बाहेर पडतेय का? खालच्या जाळीपाशी कापडाची चिंधी धरा, ती आत ओढली गेली पाहिजे. बाहेर ढकलली गेली तर पंखा उलटा फिरतोय. हसण्यावारी नेऊ नका. एका कारखान्यात मोटर रिवाइंड करून आणली, जोडताना दोन फेज अदलाबदल झाले आणि पंखा महिनाभर हवा खाली ढकलत होता. तोवर त्यांनी केमिकल बदललं होतं आणि पंपही बदलला होता. कुणीतरी वर चढून दोन मिनिटं बघितलं असतं तर तो सगळा खर्च वाचला असता, याची मला आजही हळहळ वाटते.

पंखा सुलट असेल तर मोटरचा अ‍ॅम्पिअर घ्या आणि बसवला तेव्हाच्या नोंदीशी ताडून बघा. अ‍ॅम्पिअर बराच उतरला असेल तर ब्लेडचा कोन कमी झाला असण्याची शक्यता आहे. सगळ्या ब्लेडचा कोन सारखा हवा, एखादं जरी वेगळं राहिलं तरी टॉवर थरथरतो आणि बेअरिंग खातो. ब्लेडच्या मुळाशी चीर आहे का, हब गंजलाय का, बोल्ट सैल आहेत का, हे बॅटरी मारून बघा.

मग स्प्रिंकलर. गोल टॉवरमध्ये तो पाण्याच्या जोरावर फिरतो. त्याचं बेअरिंग जाम झालं किंवा भोकं बुजली की पाणी एकाच पट्ट्यात पडतं, बाकीचा फिल कोरडा राहतो आणि हवा त्या कोरड्या वाटेने काहीच काम न करता निघून जाते. वरून पाहिल्यावर काही भाग कोरडा, पांढरा दिसला तर एवढं सुधारूनच अ‍ॅप्रोच बराच खाली येतो. भोकं तारेने साफ करा, पण मोठी करू नका.

फिल हा टॉवरचा जीव आहे. एक ब्लॉक बाहेर काढा, पाणी निथळू द्या आणि वजन करा. त्याच मापाच्या नव्या ब्लॉकशी ताडून बघा. दुप्पट-तिप्पट भरलं तर हवेची वाट बुजलीय, हे वेगळं सांगायला नको. बोटाने थर खरवडून बघा. पांढरा, कडक आणि आम्लाचा थेंब टाकल्यावर फसफसणारा असेल तर कार्बोनेटचा. बुळबुळीत, हिरवा-तपकिरी असेल तर शेवाळ आणि जिवाणूंचा. काळा, चिखलासारखा असेल तर तुमच्याच शेडमधली वाळू, बेंटोनाइट आणि कोळशाची पूड. फौंड्रीत बहुधा तिन्ही एकात एक मुरलेले सापडतात. चिकट थरावर धूळ बसते, धुळीवर क्षार बसतात. म्हणून नुसत्या आम्लाने भागत नाही, आधी चिकटपणा काढावा लागतो. थर हलका असेल तर साफसफाईने निघतो. फिल जड होऊन वाकला असेल, पापुद्रे तुटत असतील, तर तो बदला. फिल बदलायला नव्या टॉवरच्या मानाने खूपच कमी खर्च येतो. आणि बदलताना पुन्हा तोच दाट, बारीक फटींचा फिल घेऊ नका. फौंड्रीच्या धुळीला मोठ्या फटींचा किंवा स्प्लॅश पद्धतीचा फिल हवा. कागदावर त्याची क्षमता थोडी कमी दिसते, पण तो वर्षानुवर्षं मोकळा राहतो. पीव्हीसीचा फिल साधारण 50-55 अंशांच्या पुढे मऊ पडून वाकतो, त्यामुळे पंप बंद पडून पाणी उकळत वर आलं होतं का, हेही शिफ्टवाल्यांना विचारा.

टॉवर बसवल्यानंतर शेजारी काही बांधलं का, तेही आठवा. पत्र्याची नवी शेड, भिंत, स्क्रॅपचा ढीग? बाहेर पडलेली गरम दमट हवा भिंतीला अडून पुन्हा खालून आत शिरते आणि टॉवर आपलाच उच्छ्वास पुन्हा ओढत बसतो. खालच्या जाळीपाशी वेट बल्ब मोजा आणि लांबच्या आकड्याशी ताडा. दोन-तीन अंशांचा फरक आला तर दोष जागेचा आहे. नॉकआउटचा (साचा फोडून कास्टिंग काढतात तिथला) धूर आणि धूळ टॉवरच्या दिशेने येत असेल तर धुराड्याचं तोंड वळवा.

आम्लाने धुताना एक गोष्ट जिवाची आहे. हायपो आणि आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू सुटतो. आदल्या दिवशी शेवाळासाठी हायपो घातला असेल तर ते पाणी पूर्ण काढा, टाकी धुवा आणि मगच आम्ल आणा. दोन्हींचे कॅन शेजारी शेजारी ठेवू नका. आम्ल पातळ करून आणि गंजरोधक घालूनच फिरवा, पीएच सतत बघत राहा, प्लेट हीट एक्स्चेंजर त्या फेऱ्यातून वेगळा काढा. हायड्रोक्लोरिक आम्ल स्टेनलेसच्या प्लेटांना भोकं पाडतं, त्यांच्यासाठी वेगळं आम्ल असतं.

आणि पंखा बंद केला म्हणजे तो थांबला असं समजू नका, वाऱ्यावरही तो फिरतो. मेन आयसोलेटर काढा, त्याला कुलूप घाला, किल्ली आत जाणाऱ्याच्या खिशात असू द्या आणि ब्लेड दोरीने बांधा. फिलवर पाय देऊ नका, तो माणसाचं वजन पेलत नाही. वर चढणाऱ्याला बेल्ट हवाच. हेल्पर पोरगा नवा असतो, ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणून त्याला तसंच वर पाठवतात. असं करू नका.

टॉवर बरा निघाला तर एक्स्चेंजर तपासा. टॉवरचं गार पाणी 28 वर आत जातंय आणि पॅनेलकडचं डीएम (क्षार काढलेलं) पाणी 38 वर बाहेर येतंय, म्हणजे 10 अंशांचा फरक. नवा असताना तो तीन-चार असेल. प्लेटा उघडून धुवायची वेळ झालीय. उघडताना गॅस्केटचा क्रम आणि बोल्ट आवळल्यावरची लांबी लिहून ठेवा. नोंद नसेल तर पुन्हा बसवताना गळती होते.

पावसाळ्याचंही थोडं सांगतो. तेव्हा क्षार कमी, पण गाळ आणि शेवाळ जास्त. 2019 आणि 2021 च्या महापुरात शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि कित्येक कारखाने बंद राहिले. टॉवरमध्ये मात्र कोमट, गढूळ पाणी तसंच साचून होतं. म्हणून पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागलं आणि काम थांबणार असं दिसलं, की टॉवरची टाकी रिकामी करा किंवा रोज थोडा वेळ पाणी फिरवून हायपोचा डोस चालू ठेवा. साचलेल्या पाण्यात लिजिओनेला नावाचा जिवाणू वाढतो, 20 ते 45 अंशांचं पाणी त्याला मानवतं. 1976 साली अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या एका हॉटेलातल्या मेळाव्यानंतर न्युमोनियाने माणसं दगावली, त्या साथीतून हा रोग जगाला कळला. तो पाणी पिऊन होत नाही, टॉवरमधून उडणारे बारीक तुषार श्वासात गेल्याने होतो. म्हणून वरचे, हे तुषार अडवणारे ड्रिफ्ट एलिमिनेटर तुटलेले असतील तर ते लगेच बदला, त्याने पाणीही वाचतं. बंद राहिलेला टॉवर जेटने धुणाऱ्याला एन-95 मास्क द्या. फिरत्या पाण्यात मोकळा क्लोरीन 0.5 ते 1 पीपीएम राहील एवढा डोस ठेवा, त्याहून जास्त घातला तर धातू खराब होतात.

जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत काम केलेल्यांना आणखी एक गोष्ट माहीत असते. तिथे कंडेन्सरच्या पाण्यात उसाचा रस थोडा जरी उडून आला तरी पाणी आंबतं, पीएच उतरतो आणि बुळबुळीत थर धरतो. तुमच्याकडे रस नाही, पण कंप्रेसरचं तेल असतं. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तो कुठून येतोय ते शोधा. तेलाने थर चिकटतो आणि हायपोचंही काही चालत नाही.

तुम्ही विचारलं नाही तरी हे सांगितल्याशिवाय राहवत नाही. लाइट गेली की पंप थांबतो, पण भट्टीत वितळलेलं लोखंड असतं आणि भट्टीभोवतीच्या कॉईलला पाणी लागतंच. उंचावरच्या आणीबाणीच्या टाकीचा व्हॉल्व्ह आपोआप उघडतो का, हे महिन्यातून एकदा, भट्टी रिकामी असताना मेन बंद करून बघा. टाकी भरलेली आहे, पण व्हॉल्व्ह क्षारांनी जाम झालाय, असं मी पाहिलंय. पाणी आणि वितळलेलं लोखंड एकत्र आलं तर काय होतं ते फौंड्रीतल्या माणसाला मी सांगायला नको.

आता कामाचा क्रम. या आठवड्यात रोज दुपारी अडीचला, भट्टी पूर्ण लोडवर असताना, गरम, गार, वेट बल्ब, डीएम पाण्याचं तापमान, मोटरचा अ‍ॅम्पिअर आणि टीडीएस एका वहीत लिहा. दोन्ही पाण्याचे नमुने तपासायला द्या. साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी पंखा, स्प्रिंकलर आणि एक फिल ब्लॉक तपासा. साफसफाई किंवा नवा फिल झाला की पुन्हा आठवडाभर तेच आकडे घ्या. सगळं स्वच्छ आहे, पाणी पुरेसं फिरतंय, हवा नीट बाहेर पडतेय आणि तरीही अ‍ॅप्रोच 7-8 च्या खाली येत नाही, तर टॉवर खरंच लहान आहे, मालकांना बिनधास्त सांगा. तेव्हा विक्रेत्याशी ‘इतक्या टनांचा टॉवर’ या भाषेत बोलू नका. तासाला किती पाणी, किती अंशांवरून किती अंशांवर आणि ते किती वेट बल्बला, हे चारही आकडे ऑर्डरवर लिहून घ्या. वेट बल्ब जुलैचं धरा, आणि पैसे चुकते करण्याआधी वहीतल्याच पद्धतीने त्याच्यासमोर मोजून घ्या.